चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स? : निवडीचा जमाखर्च

(जागतिक दृष्टिदिनानिमित्त नेत्रविभागाने गांधीबाग येथे योजिलेल्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेत्रविभागाच्या व्यासपीठावर डॉक्टरांनी बोलावे आणि प्रशासकाने खुर्च्यांची व चहाची व्यवस्था पाहावी, अशी आजवरची रीत आहे. या वर्षी विभागप्रमुखांनी ती मोडली. त्यांचे म्हणणे असे, की तपासणीच्या खोलीत रुग्ण जे विचारायला संकोचतात, ते बिलाच्या खिडकीवर येऊन विचारतात; तेव्हा त्या प्रश्नांची उत्तरे खिडकीमागच्या माणसानेच एकदा द्यावीत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खतावणी आणि ताळेबंद यांत गेले. आज डोळ्यांच्या शास्त्रातील जे काही सांगणार आहोत, ते आमच्या डॉक्टरांकडून शिकलेले व त्यांनी तपासून दिलेले आहे. हिशेब तेवढा आमचा आहे.

खिडकीवर सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न असा : "साहेब, चष्म्याऐवजी लेन्स नाही का चालणार?" विचारणारी बहुधा आई असते किंवा वडील, आणि मागे उभी असलेली मुलगी खाली पाहत असते. कधी मुलगाही असतो, पण बहुतेक वेळा मुलगीच.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे 'लेन्स' हा शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत जी कृत्रिम लेन्स बसवतात, ती एकदा बसवली की सामान्यतः जन्मभर तिथेच राहते. ती काढायची नसते, धुवायची नसते. कॉन्टॅक्ट लेन्स ही दुसरी वस्तू. ती डोळ्याच्या बाहेर, काळ्या बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत बसते. ती सकाळी घालायची व रात्री काढायची असते. "आजोबांना लेन्स बसवली, काही त्रास नाही, मग नातीला का नको?" असे आम्हांस अनेकदा विचारले जाते. आजोबांची लेन्स आणि नातीची लेन्स यांचे नाव एक असले, तरी जबाबदारी एक नाही.

आता एक प्रसंग सांगतो. कुटुंबाची ओळख पटेल असे काही सांगणार नाही. याच परिसरात कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी. दूरचा नंबर लहानपणापासून. लग्न ठरले. हळदीच्या आधी दोन आठवडे एका दुकानातून कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या. डोळे कोणी तपासले नाहीत, लेन्स घालण्या-काढण्याची रीत कोणी शिकवली नाही. घरात पाहुणे, धावपळ, रात्रीची जागरणे. लेन्सचे द्रावण संपले, तेव्हा तिने ती नळाच्या पाण्याने धुतली. दोन रात्री ती लेन्स डोळ्यांत ठेवूनच झोपली. उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. घरात पूर्वीच्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी आणलेले थेंब होते, ते घातले. त्यांत स्टिरॉइड होते. लाली किंचित कमी झाली, म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आत मात्र जंतूंना मोकळे रान मिळाले. चौथ्या दिवशी ती आमच्याकडे आली, तेव्हा बुबुळावर जखम झालेली होती. महिनाभर औषधोपचार चालले. डोळा वाचला, पण बुबुळाच्या मध्यभागी फूल पडले. त्या डोळ्याने आज तिला समोरच्या माणसाची आकृती दिसते, चेहरा ओळखू येत नाही. बुबुळरोपणासाठी तिचे नाव प्रतीक्षायादीत आहे.

तिची आई बिलाच्या खिडकीवर आम्हांस एवढेच म्हणाली, "लग्नाच्या फोटोत चष्मा नको होता साहेब, एवढंच होतं जी."

हा प्रसंग सांगण्यामागे त्या दुकानाला दोष देणे हा हेतू नाही. आम्ही तिची फाईल काढून पाहिली. तीन महिन्यांपूर्वी तिच्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी आमच्याच विभागाने दिली होती. त्याच दिवशी कोणी दोन मिनिटे थांबून "लेन्सचा विचार आहे का?" असे विचारले असते, तर कदाचित पुढचे घडले नसते. आम्ही चिठ्ठी दिली, पावती दिली आणि पुढचा क्रमांक पुकारला. आजचे हे भाषण त्या न दिलेल्या दोन मिनिटांची उशिरा केलेली परतफेड आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. नंबर लागतो म्हणजे काय होते? डोळ्यांत शिरणारे प्रकाशकिरण मागच्या पडद्यावर नेमके एकत्र यावे लागतात. डोळ्याची लांबी किंवा बुबुळाची गोलाई कमी-अधिक असली, की ते पडद्याच्या अलीकडे वा पलीकडे एकत्र येतात आणि चित्र अंधूक पडते. चष्म्याची काच किरणांना योग्य तेवढे वळवून चित्र जागेवर आणते. कॉन्टॅक्ट लेन्सही नेमके तेच करते. चष्म्याने नंबर वाढत नाही आणि लेन्सने तो बरा होत नाही. दोन्ही साधने आहेत. तेव्हा 'अधिक चांगले कोणते?' असा सरसकट प्रश्न करण्यापेक्षा 'कोणत्या डोळ्याला, कोणत्या कामाला, कोणत्या घरात कोणते?' असा प्रश्न केला पाहिजे.

चष्म्याचा इतिहास सातशे वर्षांहून अधिक जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इटलीत वापरात आला. कॉन्टॅक्ट लेन्स त्या मानाने तरुण आहे. १८८८ साली झुरिच येथे अडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरांनी काचेची लेन्स प्रत्यक्ष डोळ्यावर बसवून दाखवली. ती जड होती व फार वेळ सहन होत नसे. १९६१ च्या अखेरीस प्राग येथे ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग व सायकलचा डायनामो जोडून घरीच एक यंत्र उभारले आणि त्यावर पाणी शोषणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या लेन्स तयार केल्या. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मऊ लेन्सचा उगम तो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्राणवायू अधिक प्रमाणात आत जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. म्हणजे वस्तू वाईट नाही; उलट फार बुद्धीने घडवलेली आहे. अडचण आहे ती तिच्या स्थानाची.

हे स्थान नीट समजून घेतले पाहिजे. बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. त्याला लागणारा प्राणवायू बहुतांशी बाहेरच्या हवेतून, अश्रूंमधून मिळतो. लेन्स घातली की त्या वाटेवर एक पडदा येतो. पापणी मिटली की वाट आणखी अरुंद होते. म्हणून लेन्स घालून झोपणे ही सर्वांत मोठी चूक. प्राणवायू कमी पडलेल्या बुबुळाचा वरचा थर दुबळा होतो, आणि तिथे बोटावरचा वा डबीतला जंतू पोहोचला तर एक-दोन दिवसांतही मोठी इजा करू शकतो. चष्म्याची काच अस्वच्छ राहिली तर जग अंधूक दिसते, एवढेच. पदराने पुसली की काम झाले. लेन्स अस्वच्छ राहिली तर किंमत डोळा मोजतो.

पाण्याविषयी स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण आपल्याकडे पाणी म्हणजे शुद्धी असा संस्कार आहे. नागपूरला कन्हान व पेंच येथून शुद्ध करून आणलेले पाणी मिळते. ते पिण्यासाठी योग्य असले, तरी निर्जंतुक नसते. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या वा पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात अकॅन्थमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. पोटात गेला तर सहसा काही करीत नाही. लेन्सखाली सापडला तर बुबुळात घर करतो, आणि त्यावरचा उपचार महिनोन्महिने चालतो. उकळलेले पाणी, फिल्टरचे पाणी, गंगाजल, गुलाबपाणी किंवा तोंडातील लाळ यांपैकी कशानेही लेन्स धुवू नये. तिच्यासाठी केलेले द्रावणच वापरावे, आणि तेही दररोज नवे.

आपल्या शहराचे हवामानही या निवडीत भाग घेते. नवतप्याच्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. बाहेर कोरडी झळ आणि आत कूलरचा झोत. कूलरसमोर किंवा दुचाकीवर वाऱ्यात डोळ्यांतील अश्रू लवकर सुकतात. लेन्स कोरडी पडते व टोचू लागते. गांधीबाग-इतवारीतील व्यवसायांचाही विचार करावा. कापडाच्या गोदामात गाठी उलगडताना सुताचे बारीक तंतू उडतात. किराणा ओळीत, मिरचीच्या व्यवहारात दिवसभर वावरलेल्या बोटांवर तिखट असे मुरते, की साबणाने हात धुऊनही ते सहज जात नाही. त्याच बोटांनी रात्री लेन्स काढायची असते. वेल्डिंग करणारा, ग्राइंडरवर काम करणारा, भट्टीपुढे उभा राहणारा, धान्य चाळणारी बाई, यांच्यासाठी चष्मा अधिक योग्य. मात्र नंबरचा चष्मा म्हणजे सुरक्षा-गॉगल नव्हे. वेल्डिंगला त्याचे स्वतंत्र साधन लागतेच. होळीच्या दिवशी तर लेन्स डबीतच ठेवावी.

याउलट, लेन्सचा लाभ ज्यांना खरोखर होतो असेही पुष्कळ आहेत. कबड्डी, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल खेळणारे. रंगभूमीवर वा नृत्यात काम करणारे. ज्यांचा नंबर मोठा आहे आणि जाड काचेच्या कडेला ज्यांना वाकडे-तिकडे दिसते असे. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर असलेले. लेन्स डोळ्यासोबत फिरत असल्याने बाजूचेही स्पष्ट दिसते, पावसात थेंब बसत नाहीत, चहाच्या वाफेने काच धुरकटत नाही. हात स्वच्छ ठेवण्याची सवय, थोडी शिस्त आणि नियमित खर्चाची तयारी असेल, तर अशा व्यक्तीने लेन्स अवश्य वापरावी. लेन्स घालणाऱ्यांना घाबरवणे हा आमचा उद्देश नाही. लाखो लोक ती वर्षानुवर्षे सुखाने वापरीत आहेत, आणि ते नियम पाळतात म्हणूनच सुखाने वापरीत आहेत.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी दाखवून लेन्स घेता येत नाही. चष्मा डोळ्यापासून सुमारे बारा मिलिमीटर दूर असतो, लेन्स डोळ्यावरच असते. म्हणून नंबर मोठा असेल तर तो बदलतो. चष्म्याचा उणे दहा हा नंबर लेन्समध्ये साधारण उणे नऊ होतो. शिवाय बुबुळाची गोलाई मोजावी लागते, अश्रू पुरेसे आहेत की नाही हे पाहावे लागते. दुसरे असे, की लेन्स घेतली म्हणून चाळिशी चुकत नाही. दूरच्या नंबराची लेन्स वापरणाऱ्या बहुतेकांना चाळिशीनंतर वाचण्यासाठी वेगळी सोय करावी लागतेच.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे. चष्मा हा वाणिज्याच्या भाषेत भांडवली खर्च. एकदा केला की नंबर बदलेपर्यंत किंवा फ्रेम मोडेपर्यंत प्रश्न नाही. काडी ढिली झाली तर कोपऱ्यावरचा दुकानदार फुकट आवळून देतो. लेन्स हा चालू खर्च. रोज टाकून देण्याची असो, महिन्याची असो वा वर्षाची, ती ठरलेल्या दिवशी बदलावीच लागते. द्रावण, डबी, डोळ्यांचा ओलावा टिकवणारे थेंब, तपासणीच्या फेऱ्या हे सारे वेगळे. केवळ उदाहरणादाखल महिन्याचे पाचशे रुपये धरले, तरी वर्षाचे सहा हजार होतात. आणि लेन्स वापरणाऱ्याकडे चष्मा असावाच लागतो, कारण डोळे आले, ताप आला, डोळा लाल झाला की लेन्स त्या क्षणी बंद. म्हणजे 'चष्म्याऐवजी लेन्स' असा हिशेबच चुकीचा आहे. हिशेब 'चष्मा, आणि त्याखेरीज लेन्स' असा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरचे चष्मे, त्यांच्या काचा व फ्रेम आणि कॉन्टॅक्ट लेन्स यांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही समाधानाची गोष्ट. पण कर कमी झाला तरी चालू खर्च चालूच राहतो.

हा मुद्दा पैशापुरता नाही. ज्या घरात महिनाअखेर ओढाताण होते, तिथे प्रथम कात्री लागते ती द्रावणाला. महिन्याची लेन्स तीन महिने चालवली जाते. डबी वर्षभर बदलली जात नाही. उरलेल्या द्रावणातच नवे ओतले जाते. आमच्या डॉक्टरांच्या अनुभवानुसार डोळ्याची इजा ही पुष्कळदा अशा काटकसरीतून होते. म्हणून आम्ही नातेवाइकांना नम्रपणे सांगतो, की वर्षभराचा खर्च निभणार असेल तरच लेन्स घ्या; नाही तर उत्तम चष्मा घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका.

आता नाण्याची दुसरी बाजू. काही रुग्णांसाठी लेन्स ही हौस नसते, उपचार असतो. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा एक विकार आहे, त्यास केरॅटोकोनस म्हणतात. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. ॲलर्जीने डोळे खाजतात, मूल ते सतत चोळते, आणि चोळण्याने हा विकार बळावतो. बुबुळ वेडेवाकडे झाले की चष्म्याची कोणतीही काच पुरेशी ठरत नाही. तिथे कडक प्रकारची लेन्स बसवली, की वेड्यावाकड्या पृष्ठभागावर एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसू लागते. विकार वाढू नये म्हणून वेगळे उपचार असतात. पाहण्यासाठी मात्र लेन्स. दुसरे उदाहरण तान्ह्या बाळाचे. जन्मतः एका डोळ्यात मोतीबिंदू असला आणि शस्त्रक्रिया झाली, की अनेकदा इतक्या लहान वयात आतली लेन्स बसवता येत नाही. चष्म्याने दोन डोळ्यांतील चित्रांचा आकार फार वेगळा पडतो. मेंदू एक चित्र नाकारतो आणि तो डोळा पुढे आळशी होतो. अशा बाळाला कॉन्टॅक्ट लेन्स लावली जाते आणि ती घालण्या-काढण्याचे काम आई शिकते. पाहण्याची शिकवणी मेंदू पहिल्या सात-आठ वर्षांत घेतो. ती संधी हुकली तर नंतर भरून काढणे फार अवघड.

आणि नेमक्या याच ठिकाणी घरातील मंडळी नाही म्हणतात. "एवढ्याशा लेकराच्या डोळ्यात लेन्स? नको, मोठा झाल्यावर पाहू." जिला गरज नाही तिच्यासाठी लेन्सचा हट्ट, आणि ज्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही त्याला नकार. आमच्या खिडकीवरून दिसणारे हे चित्र. दोन्ही वेळा निर्णय चेहऱ्याकडे पाहून होतो. डोळ्याकडे पाहून होत नाही.

उपस्थित देणगीदारांना आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. चष्मा की लेन्स ही निवड ज्याच्याजवळ पहिला चष्मा आहे त्याची. आपल्या समाजात पुष्कळांसमोर निवड आहे ती चष्मा की काहीच नाही, अशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे, आणि त्यांपैकी सुमारे १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा आजही दूर करता येईल. त्यात साध्या चष्म्यावाचून राहिलेल्यांचा वाटा फार मोठा. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन एक अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची रोजची चहातोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. त्या कामगारांना नवे यंत्र मिळाले नव्हते, नवे प्रशिक्षण मिळाले नव्हते. मिळाली ती केवळ चाळिशी.

आता आपल्या आजूबाजूला पाहा. सुईत दोरा ओवताना हात लांब करणारे शिंपी, ताणा जुळवताना तुटलेला धागा चाचपडून शोधणारे जुने विणकर, जरीकाम करणाऱ्या भगिनी, पावतीवरचा आकडा नोकराकडून वाचवून घेणारे छोटे दुकानदार. यांतील कित्येकांना आपल्याला काही झाले आहे हेच माहीत नसते. "वय झालं" म्हणून ते काम सोडतात. व्यापारी बंधूंनी आपल्या दुकानातील चाळिशी ओलांडलेल्या नोकरांची एकदा तपासणी करून घेतली, तर दानाचे पुण्य लाभेलच. शिवाय हिशेबातील चुकाही कमी होतील. हे आम्ही अनुभवाने सांगतो, कारण आमच्या लेखा विभागातही एकदा तसेच घडले होते.

मुलांबाबत एकच सांगतो. शाळेत डोळ्यांची तपासणी होऊन चिठ्ठी आली, तर ती दप्तरात राहू देऊ नका. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून देशात चालू आहे आणि गरजू शालेय मुलांना मोफत चष्मे देणे हा त्याचा भाग आहे. चष्मा मिळाला की तो वापरला जातो का, हेही पाहा. पाहुणे आले की मुलीला चष्मा काढायला लावू नका. आपल्या डोळ्यांवरील वस्तू लाजिरवाणी आहे हे ती त्याच वेळी शिकते, आणि पुढे लग्नाच्या वेळी त्याची किंमत मोजते.

या सर्वांतून आमच्या नेत्रविभागाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. नंबराच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत दोन मिनिटांचे समुपदेशन व एक मराठी-हिंदी पत्रक दिले जाईल. कॉन्टॅक्ट लेन्स घेणाऱ्याने आमच्यासमोर स्वतःच्या हातांनी ती घालून व काढून दाखवल्याखेरीज ती घरी दिली जाणार नाही, आणि ज्याच्याजवळ चष्मा नाही त्याला लेन्स दिली जाणार नाही. तिसरी गोष्ट, ज्या बालकांसाठी लेन्स हाच उपचार आहे, त्यांच्या पालकांची ऐपत नसेल तर खर्चाअभावी लेन्स थांबणार नाही. सार्वजनिक विश्वस्त अधिनियमातील कलम ४१ कक खालील योजनेनुसार आपले रुग्णालय निर्धन रुग्ण निधी राखते. परंतु लेन्स हा चालू खर्च आहे. मूल वाढते, लेन्स बदलते, वर्षानुवर्षे बदलत राहते. एकदा दिलेल्या देणगीत तो बसत नाही. म्हणून देणगीदारांना विनंती, की भिंतीवर पाटी लागेल अशा यंत्राइतकाच, ज्याची पाटी कुठेच लागणार नाही अशा या वार्षिक खर्चाचाही विचार व्हावा. एका बालकाच्या लेन्सचा खर्च त्याच्या वयाच्या आठव्या वर्षापर्यंत उचलणारा दाता आम्हांस हवा आहे.

घरी लावून ठेवता येतील असे नियम थोडक्यात सांगतो.

१) डोळ्यांच्या तपासणीवाचून लेन्स घेऊ नये. नंबर नसलेल्या रंगीत लेन्सलाही हाच नियम. मैत्रिणीची लेन्स कधीही वापरू नये.
२) साबणाने हात धुऊन, स्वच्छ कापडाने कोरडे करूनच लेन्सला स्पर्श करावा.
३) लेन्सला कोणतेही पाणी लावू नये. अंघोळ व पोहणे लेन्स काढून.
४) लेन्स घालून झोपू नये, दुपारची डुलकीसुद्धा नको.
५) द्रावण रोज नवे, डबी तीन महिन्यांनी नवी, लेन्स ठरलेल्या दिवशी नवी.
६) आधी लेन्स, मग काजळ, रात्री आधी लेन्स काढावी, मग चेहरा धुवावा.
७) डोळा लाल झाला, दुखला, पाणी येऊ लागले किंवा अंधूक दिसले, तर लेन्स त्याच क्षणी काढावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. काढलेली लेन्स व डबी सोबत आणावी. घरातील जुने थेंब घालू नयेत.

शेवटचा नियम मोठ्या अक्षरांत लिहावा. त्या मुलीने पहिल्याच दिवशी डोळा दाखवला असता, तर फूल पडण्याइतकी वेळ बहुधा आली नसती.

समारोप करतो. ज्यांच्या नावाने हा परिसर ओळखला जातो त्या महात्माजींचे चित्र दोन गोल काचा व दोन काड्या एवढ्यानेच पुरे होते. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांना नवी वाट दाखवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची छबी चष्म्याविना डोळ्यांपुढे येत नाही. आपल्या घराघरांत या तसबिरी आहेत. त्यांच्या चष्म्याचा कोणाला संकोच वाटला नाही. मग लेकीच्या चष्म्याचा का वाटावा? मुलगी पाहायला येणाऱ्यांनाही आमची विनंती आहे, तिचा नंबर विचारायचाच असेल तर तो रक्तगटासारखा विचारा, उणीव म्हणून विचारू नका.

ती मुलगी आता दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी येते. सोबत तिचे पती असतात. ती आता चष्मा वापरते. तिच्यासारख्या अनेकांची प्रतीक्षा नेत्रदानावर अवलंबून आहे, याचे स्मरण २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यापुरते न ठेवता वर्षभर ठेवावे. संमतिपत्रे सभागृहाच्या दारापाशी ठेवली आहेत. घरच्यांशी बोलून मग भरावीत, कारण वेळ आल्यावर निरोप त्यांनाच द्यायचा असतो.

 बिलाची खिडकी सकाळी नऊपासून उघडी असते. प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.